कोयता निघण्याआधी



आष्टीच्या या लेखक-मेळाव्यात अध्यक्षांनी साहित्यावर बोलावं, राजकारण मंचाखाली ठेवावं, असं सकाळपासून मला दोघातिघांनी सुचवलं. मी ते ऐकणार नाही. निजामाच्या राज्यात आपल्या मुलखावर गश्ती निशाण त्रेपन्न हा हुकूम लागू होता. त्यामुळे परवानगीशिवाय सभा भरत नव्हती. त्या राजवटीविरुद्ध उभे राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला शाळेत शिकवत होते. सभेची आणि शाळेची किंमत ज्या मुलखानं मोजली, तिथं मला गप्प बसायला सांगू नका.

अडाणी मतदारामुळे लोकशाही बिघडते, असं म्हणणारे विद्वान मी खूप ऐकले. प्लेटोनं तर राज्य तत्त्वज्ञांच्याच हाती सोपवलं. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे रयतेच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण मागितलं. मी फुल्यांच्या बाजूचा आहे. मतदार अडाणी राहिला असेल, तर त्याला तसं ठेवणाऱ्यांना आधी जाब विचारा. घटनेच्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत, सक्तीचं शिक्षण देण्याचा शब्द होता. तो हक्क प्रत्यक्ष कायद्यानं लागू झाला १ एप्रिल २०१० ला. साठ वर्षं! मत लगेच दिलं, हे योग्यच झालं. शाळा लांबवली, तो अपराध आहे.

आणि आज? दसरा झाला की ऊसतोडीला कोयता निघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल, सोबत पोरं. पाच-सहा महिने फडात. निवडणूक लागली की माणसं मतदानाला आणायला कारखान्यावर गाड्या जातात. पोरांना शाळेत परत आणायला कुणी गाडी पाठवलेली तुम्ही पाहिली का? मी नाही पाहिली.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. पण ज्या आईनं समितीच्या सभेत बोलायचं, ती त्या दिवशी मोळ्या बांधत असते. तिच्याशिवाय झालेल्या सभेला मी सभा मानत नाही. वर आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ तिथं प्रशासक बसला. शाळा जिल्हा परिषदेची, आणि त्या काळात जिल्हा परिषदेत लोकांनी निवडलेला एक माणूस नव्हता! याविरुद्ध आपल्यातल्या किती लेखकांनी चार ओळी लिहिल्या?

म्हणून माझी मागणी साधी आहे. टोळ्या निघण्याआधी, दसऱ्याच्या अलीकडे, आपापल्या गावात समितीची सभा मागा. जाणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव पोरांना गावातच ठेवून घेणाऱ्या हंगामी वसतिगृहाच्या यादीत त्याच सभेत, आई-बापांसमोर लिहून घ्या. यादी लिहायला माणूस लागेल. लेखणी हातात असलेले एवढे लोक आज इथं बसले आहेत; त्यांनी जावं.