विश्वासराव वाचले असते तर...

‘तुमचे आवडते लेखक कोण?’ असे कुणी विचारले की आपण जरा सावरून बसतो. भारदस्त नावे आठवू लागतो. ज्यांच्या पुस्तकांपायी आईची बोलणी खाल्ली, ताटातली भाजी गार होऊ दिली, ते लेखक त्या यादीत सहसा नसतात. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर आणि त्यांचे झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू. ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या हाती देणारे आणि फुरसुंगीच्या फास्टर फेणेला सायकलवर बसवणारे भा. रा. भागवत. रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाण्याची चोरी करून ठेवणारे नारायण धारप. वाचनालयात ही पुस्तके फडताळात थोडा वेळही टिकत नसत. कुणी परत केले की ते दुसऱ्याच्या पिशवीत जाई.

या लेखकांची बाजू घेताना आपण एक ठरलेले वाक्य म्हणतो: अशा पुस्तकांनी वाचनाची गोडी लागते आणि मग मूल ‘चांगल्या’ साहित्याकडे वळते. यात कौतुक आहे, पण थोडा अपमानही आहे. जणू ही पुस्तके म्हणजे नुसती पायरी. पाय ठेवायचा आणि पुढे जायचे! मला वाटते, काही गोष्टी याच पुस्तकांना सांगता येतात. माझ्या आवडत्या एका विज्ञानकथेचा दाखला देतो.

तिचे लेखक डॉ. जयंत नारळीकर. त्यांचा कथालेखनातला प्रवेशच रहस्यकथेला शोभेल असा होता. मराठी विज्ञान परिषदेने १९७४मध्ये विज्ञानकथेची स्पर्धा जाहीर केली. नारळीकरांचे नाव तेव्हा जगभर झाले होते. त्या नावाचे दडपण परीक्षकांवर नको म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले, नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी केली की ना. वि. ज.! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी उतरवून काढली. त्या ‘कृष्णविवर’ला पहिले बक्षीस मिळाले. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉयल हेही मोठे शास्त्रज्ञ आणि ‘द ब्लॅक क्लाउड’सारख्या कादंबरीचे लेखक. त्यामुळे शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिण्यात नारळीकरांना काही कमीपणा वाटण्याचे कारणच नव्हते.

मला सांगायची आहे ती कथा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. १४ जानेवारी १७६१ ही तारीख मराठी माणसाला पाठ करावी लागत नाही. संक्रांत कोसळणे, पानिपत होणे, विश्वास पानिपतात जाणे हे आपण आजही रोजच्या बोलण्यात म्हणतो. विश्वासरावांना गोळी लागली, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून गर्दीत शिरले, रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला. तेव्हापासून आपला एकच उसासा आहे: ती गोळी लागली नसती तर?

नारळीकर हा उसासा हातात घेतात आणि त्याचे गणित मांडतात. कथेतले प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासकार. सभांचे अध्यक्षपद भूषवण्याचा त्यांचा विक्रम आहे. ९९९ सभा झाल्या आहेत आणि हजाराव्या सभेचा विषय आहे, पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर? विचारांच्या तंद्रीत रस्त्यावर त्यांना ट्रकची धडक बसते आणि ते जाऊन पडतात एका वेगळ्याच जगात. तिथे पुण्याहून मुंबईला जिजामाता एक्स्प्रेस धावते. मुंबई अजून इंग्रजांकडे आहे, पण भाडेपट्ट्याने! एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून पंत पाने उलटतात, तेव्हा उलगडा होतो. या जगात ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली आहे.

दुसरा लेखक इथे भगवे झेंडे फडकवून थांबला असता. नारळीकर थांबत नाहीत. पंत मुलाला भेटायला त्याच्या कचेरीत जातात, तर त्या नावाचा माणूसच तिथे नाही. इतिहासाच्या विणीतला एक टाका उसवला की आपले घरही त्याबरोबर उसवते, हे किती साधेपणाने सांगितले आहे! मग पंत आझाद मैदानावर येतात. व्याख्यान चालू आहे आणि व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. हजार सभांचा मानकरी ते कसे सहन करणार? ते जाऊन बसतात. पण या जगातले लोक अध्यक्षीय भाषणांना आणि आभारप्रदर्शनाला केव्हाच कंटाळलेले आहेत. ते पंतांना धड बोलूही देत नाहीत. ज्या विजयाची आयुष्यभर आस धरली, त्या विजयी जगात पंतांना बसायला खुर्ची नाही!

शेवटी एक शास्त्रज्ञ मित्र त्यांना विज्ञान समजावतो. अणूच्या पातळीवर पुढे नेमके काय घडेल हे सांगता येत नाही, शक्यता तेवढ्या सांगता येतात. तसेच त्या गोळीचे. एका शक्यतेत ती लागते, दुसरीत हुकते, आणि दोन्ही जगे आपापल्या वाटेने जात राहतात. हे पटो न पटो, पण पुंजवादातली अवघड कल्पना पानिपतासारख्या ओळखीच्या दुखण्याला जोडून सांगितल्याने ती विसरता येत नाही.

इतिहासकार ‘जर-तर’च्या वाटेला सहसा जात नाही आणि ते योग्यच आहे, त्याला पुराव्याचा धाक असतो. आपण सामान्य माणसे मात्र जर-तरमध्येच राहतो. हे झाले असते तर आपण कुठल्या कुठे असतो, असे म्हणत कधी रडतो, कधी फुशारकी मारतो. चांगली विज्ञानकथा त्या ‘जर’ला शिस्त लावते. एक गोष्ट बदला, पण मग तिचे सगळे परिणाम स्वीकारा, अशी तिची अट असते. हे काम रहस्यकथेच्या ओढीने आणि विनोदाच्या अंगाने झाले, म्हणून ते हलके ठरत नाही.

नाशिकला २०२१मध्ये झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची पुस्तके मात्र ग्रंथालयात आहेत, ‘यक्षांची देणगी’ आहे, ‘प्रेषित’ आहे. येत्या संक्रांतीला तिळगूळ वाटून झाला की घरातल्या एखाद्या मुलाला जवळ बसवा आणि ही पानिपतची कथा मोठ्याने वाचून दाखवा. आझाद मैदानापर्यंत पोहोचलात की क्षणभर थांबा. ‘पुढे काय झाले?’ असे ते विचारील. अर्नाळकरांपासून नारळीकरांपर्यंत हे सगळे लेखक त्या एका प्रश्नासाठीच तर लिहीत होते.