बांध कुणाचा, वाट कुणाची?



ओळख करून देताना ‘या कोलकात्यात माउंटन बाइक चालवतात’ असं म्हटलं गेलं, तेव्हा इथे दोन-तीन जण हसले. त्यांचं बरोबरच आहे. कोलकात्यात डोंगर नाही. शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम 9 मीटर. चढ हवा असेल तर उड्डाणपूल, आणि डोंगरच हवा असेल तर धाप्याचा कचऱ्याचा ढीग!

पुण्यात असताना मी दर रविवारी टेकड्यांवर सायकल घालायचे. 2013 साली नोकरीसाठी इथे आले, तेव्हा सायकल रेल्वे पार्सलने आणली. आणि त्याच वर्षी शहरातल्या 174 रस्त्यांवर सायकलला बंदी झाल्याचं कळलं. पुढे ती यादी कमी झाली, पण पहिले चार महिने माझी सायकल बाल्कनीत टॉवेल वाळत घालायच्या कामी आली.

मग ऑफिसातला एक बंगाली सहकारी म्हणाला, ‘दीदी, जरा मागच्या खिडकीतून बघा ना.’ आमचं ऑफिस सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये. पुढे काचेच्या इमारती. मागे मात्र नजर पोचेल तिथवर पाणी. पाण्याचे मोठे मोठे चौकोन आणि त्यांच्यामधून जाणारे मातीचे अरुंद बांध. शनिवारी पहाटे मी सायकल घेऊन तिकडे गेले, आणि त्या दिवसापासून टेकड्यांची आठवण काढणं बंद झालं.

ही जागा म्हणजे पूर्व कोलकाता पाणथळ प्रदेश. क्षेत्र 12,500 हेक्टर. ऑगस्ट 2002 मध्ये त्याला रामसर यादीत जागा मिळाली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये. एके काळी ही खाऱ्या पाण्याची दलदल होती. विद्याधरी नदीतून समुद्राची भरती इथवर चढायची. नदी गाळाने भरत गेली, खारं पाणी यायचं थांबलं आणि शहराचं सांडपाणी यायला लागलं. इथल्या लोकांनी काय केलं असेल? त्या सांडपाण्यात मासे वाढवले.

हे ऐकून नाक मुरडू नका, आधी रीत ऐका. शहराचं मैलापाणी कालव्यांतून येतं आणि थोडं थोडं करून उथळ तळ्यांत घेतलं जातं. या तळ्यांना इथे ‘भेरी’ म्हणतात. पाणी कमरेइतकं, फार तर छातीइतकं. उथळ असल्यामुळे ऊन तळापर्यंत पोचतं. उन्हात शेवाळ वाढतं, ते पाण्यात प्राणवायू सोडतं, जिवाणू घाण कुजवतात, आणि त्यातून जे खाद्य तयार होतं त्यावर रोहू, कातला, मृगल पोसले जातात. पाणी स्वच्छ होऊन पुढे भातशेतीला जातं. ना यंत्र, ना रसायन. शहराचं पाणी साफ होतं आणि त्याच शहराच्या ताटात मासा येतो. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने आयुष्यभर ही गोष्ट जगाला समजावून सांगितली. ते 2018 साली गेले. आज ही जमीन इमारतींखाली गेलेली नाही, त्यात 1992 च्या उच्च न्यायालयाच्या निकालाचा आणि 2006 च्या कायद्याचा वाटा आहे, तसा त्यांच्या चिकाटीचाही आहे.

आता सायकलवाल्याच्या नजरेने बघा. दीड-दोन फूट रुंदीचा बांध, दोन्हीकडे पाणी, मध्येच बांबूचा पूल, अचानक काटकोनात वळण. वेग लागत नाही, पण तोल लागतो. डोंगरउतारावर चुकलात तर खरचटतं, इथे चुकलात तर थेट सांडपाण्यात. मी दोनदा पडले आहे. घरी आल्यावर मला दारातच उभं केलं होतं.

दोन वर्षं मी एकटीच फिरले. मग हौस वाढली. एका पहाटेचा सगळा मार्ग फोनमधल्या अ‍ॅपवर टाकला, ‘कोलकात्यातला लपलेला ट्रेल’ असं नाव दिलं, फोटो जोडले. महिन्याभरात आम्ही आठ जण झालो, मग पंधरा. याचा मला अभिमानच वाटायचा.

ऑक्टोबरची गोष्ट. पूजा संपली होती, पावसाची शेवटची सर दोन दिवसांपूर्वी पडून गेली होती. बांध वरून सुकलेला दिसत होता, आत मऊ होता. आम्ही अकरा जण एकामागून एक गेलो. इथली माती म्हणजे बारीक गाळ. ओली असली की साबण, आणि चाकाला चिकटली की सिमेंट. एका वळणावर सगळ्यांनीच मागचा ब्रेक दाबला, चाकं घसरली, बांधावर बोटभर खोल चर पडले. आम्ही हसत हसत पुढे गेलो. त्याचे व्हिडिओही काढले.

पुढच्या रविवारी मी एकटी गेले. त्या वळणावर बांध खचला होता. एक वयस्कर कोळी आणि दोन तरुण कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तळाचा चिखल टोपल्यांनी वर टाकत होते. मधे पुन्हा सर पडली होती. आमच्या चरांतून पाणी वाहिलं, खाली खेकड्याचं बीळ होतं, तिथून बांध सुटला. शेजारच्या लहान तळ्यात वाढवलेली माशांची पिल्लं मोठ्या तळ्यात गेली. मोठ्या तळ्यातले मोठे मासे त्यांचं काय करणार, हे सांगायला नको.

मी त्यांना ‘काकू’ म्हटलं. तुम्ही पुन्हा हसलात! बंगालीत काकू म्हणजे काका, पहिल्यांदा मलाही जड गेलं होतं. म्हटलं, ‘काकू, हे आमच्यामुळे झालं. नुकसान किती ते सांगा, मी पैसे देते.’ ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘मा, अर्धं खेकड्याने केलं, अर्धं तुम्ही. खेकड्याला मी काही सांगू शकत नाही. तुला सांगू शकतो.’ इथे वडीलधारी माणसं आपल्याहून लहान बाईला ‘मा’ म्हणतात. मग म्हणाले, ‘पैसे नकोत. टोपली घे.’

मी बूट काढले आणि दुपारपर्यंत चिखल वाहिला.

मंडळी, त्या दिवशी मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. मी मूळची रायगडची, पेणजवळच्या खारेपाटातली. आमच्या आजोबांची भातशेती खारबंदिस्तीच्या आत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खाडीच्या कडेला मातीचा बांध घालून समुद्राला बाहेर ठेवायचं आणि आत भात पिकवायचा. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली तर खारं पाणी शेतात शिरतं, आणि ती जमीन पुढची काही वर्षं नीट पिकत नाही. पावसाळ्यात आम्ही पोरं बांधावर पळालो की आजोबा लांबूनच ओरडायचे. खेकड्याची बिळं ते स्वतः बुजवायचे. बांध ही वाट नाही, हे मला सातव्या वर्षी माहीत होतं. पस्तिसाव्या वर्षी, महागडी सायकल हातात आल्यावर, मी विसरले.

घरी येऊन मी अ‍ॅपवरचा तो मार्ग काढून टाकला. मग काकूंकडे पुन्हा गेले आणि विचारलं, ‘आम्ही यायचंच नाही का?’ ते म्हणाले, ‘आमची पोरं रोज सायकलवरूनच जातात की.’ खरंच होतं. पहाटे अ‍ॅल्युमिनियमच्या हंड्यांत मासे घेऊन बाजाराकडे निघालेल्या काळ्या, जड सायकली मी रोज बघत होते. या बांधांवरचे खरे सायकलस्वार तेच. फक्त त्यांना कुठला बांध कधी पेलतो हे ठाऊक असतं. ते मऊ जागी उतरून सायकल ढकलतात. मी त्यांना ‘ट्रेल’वरचे अडथळे समजत होते.

त्यातून आमचे नियम ठरले. तुमच्या गावाकडेही ते चालतील, म्हणून सांगते.

पहिला, टाचेचा. बांधावर उतरून टाच दाबायची. ठसा उमटला तर सायकल हातात घेऊन चालायचं, किंवा परत फिरायचं. जून ते ऑक्टोबर आम्ही आत जातच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आमचे महिने.

दुसरा, ब्रेकचा. मागचं चाक घसरवत थांबायचं नाही. दोन्ही ब्रेक हलके, वळणाच्या आधीच. टायर रुंद, हवा थोडी कमी.

तिसरा, काठाचा. बांधाच्या कडेने पाण्यात जलपर्णी दिसते. आपल्याला ती घाण वाटते. इथे ती मुद्दाम ठेवलेली असते, लाटांचा मार बांधाला लागू नये म्हणून. ती ओढायची नाही, तुडवायची नाही.

चौथा, विचारण्याचा. एका वेळी चौघांहून जास्त नाही, आणि त्या भेरीवर काम करणाऱ्यांना विचारल्याशिवाय नाही. ‘नाही’ म्हणाले तर वासंती हायवेला लागून असलेले गावातले विटांचे रस्ते आहेतच.

पाचवा, टोपलीचा. मोसम सुरू व्हायच्या आधी एक रविवार चिखल वाहायचा. पंधरांतले सहाच उरले आहेत, पण सहा येतात.

कुणी म्हणेल, एवढा बाऊ कशाला? माउंटन बाइकचा जन्मही समुद्राजवळचाच. कॅलिफोर्नियात, मरिन काउंटीच्या डोंगरात, 1976 साली ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू झाली. पुढे वाटांवरून पायी फिरणाऱ्यांशी भांडणं झाली, वाटा बंद व्हायला लागल्या, तेव्हा 1988 मध्ये सायकलवाल्यांनीच आंतरराष्ट्रीय संघटना काढून स्वतःला नियम घालून घेतले. चिखलात वाट खराब करू नका, हा त्यातलाच. म्हणजे शहाणपण नवं नाही. फरक एवढाच, की तिथली वाट बिघडली तर फिरणाऱ्यांचा रविवार बिघडतो. इथला बांध बिघडला तर कुणाचं तरी वर्ष बिघडतं.

आणखी दक्षिणेला गेलात तर हा फरक अधिकच मोठा होतो. गदखालीपर्यंत सुमारे 100 किलोमीटर सायकलने जाता येतं, तिथून होडीत सायकल टाकून गोसाब्याला. पुढे सुंदरबनचं वाघांचं जंगल. तिथे सायकल नाही, होडीच. पण माणसं राहतात त्या बेटांवर सगळं गाव एका बांधाच्या भरवशावर असतं. भरतीच्या वेळी नदी बांधापलीकडे घरांच्या पातळीहून वर असते. मे 2009 च्या आयला वादळात शेकडो किलोमीटर बांध गेले, मे 2020 मध्ये अम्फान आलं. तिथल्या मातीच्या बांधावर मी सायकल चालवत नाही. चालते. त्यासाठी कुठला नियम लागत नाही.

मला अनेक जण विचारतात, इथे रीतसर ट्रेल पार्क का करत नाहीत? पाट्या, उड्या मारायचे उंचवटे, तिकीट. माझं उत्तर असं आहे, की जमिनीचा वापर बदलायला कायद्यानेच आडकाठी आहे, आणि ती असावी. आज या वाटा आहेत त्या मासे वाढवणारे दर वर्षी बांध लिंपतात म्हणून. उद्या मासे गेले, तर बांध सायकलवाले लिंपणार नाहीत. बिल्डर येईल. त्यामुळे मला जर इथे सायकल चालवायची असेल, तर माझ्या पार्कपेक्षा काकूंची भेरी टिकणं जास्त गरजेचं आहे.

तुम्ही कोकणात असाल, गोव्यात खाजणाकाठी असाल, तर असा बांध तुमच्या जवळही असेल. सायकल घेऊन जरूर जा. आधी उतरा, टाच दाबून बघा, आणि तिथे जो कुणी काम करत असेल त्याला विचारा.

येत्या मोसमात कोलकात्याला आलात तर मला कळवा. जास्तीची सायकल आहे. टोपलीही आहे.