मशीनवरून उतरताना
(पालक-मेळाव्यात दिलेले भाषण)



बांधकामावरचा अपघात म्हटला की दहाव्या मजल्यावरून पडलेला मजूर डोळ्यांपुढे येतो. मी आज बोलणार आहे ते छातीइतक्या उंचीवरून पडणाऱ्यांविषयी. आपली कित्येक मुले दहावीनंतर पोकलेनवर, डंपरवर हेल्पर म्हणून लागतात, पुढे ऑपरेटर होतात, काही आखातात जातात. त्या कामात कमीपणा मुळीच नाही.

पण पोकलेनचा ऑपरेटर तासन् तास बसून असतो. पाय बधिर होतात. जेवणाची सुट्टी झाली की एका हातात डबा, दुसऱ्यात मोबाइल, आणि मशीनकडे पाठ करून तो चेनवरून सरळ उडी टाकतो. चेनवर चिखल, पायरीवर ग्रीस, खाली खडी! घोटा मोडतो, नाहीतर कंबर चेनच्या कडेवर आदळते.

मी सुपरवायझर असताना एक ऑपरेटर माझ्यादेखत असाच पडला. घाई मीच केली होती, हे इथे कबूल करतो. तो पुन्हा सीटवर बसू शकला नाही. आठवीतला त्याचा मुलगा जूनमध्ये शाळेऐवजी आमच्याच साइटवर पाट्या उचलायला आला. पोरगा हुशार होता.

मुलांनो, चढता-उतरताना तोंड मशीनकडे ठेवा. दोन हात व एक पाय, किंवा दोन पाय व एक हात, असे तीन आधार कधी सुटू देऊ नका. डबा आधी हेल्परच्या हाती द्या. बुटाचा चिखल पुसा. लीव्हरला धरून कधीच चढू नका; इंजिन चालू असेल तर बूम हलतो आणि खाली उभा असलेला माणूस जातो. उतरण्याआधी बकेट जमिनीला टेकवा, लॉक लावा, इंजिन बंद करा. याला एक मिनिट लागते. साहेब ओरडला तर ओरडू द्या.

आता पालकांसाठी. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, त्यातून राज्याराज्यांत कल्याणकारी मंडळे निघाली. आपल्या राज्याच्या मंडळात १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंदणी होते. आधीच्या वर्षात ९० दिवस काम केलेले असावे लागते. नोंदणी असेल तर मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते. तरी अनेक घरांत ही नोंदणी नसते. ९० दिवसांचा दाखला काम चालू असतानाच ठेकेदाराकडून मागून घ्या. काम संपल्यावर ठेकेदार सापडत नाही.