घर स्वतः विकलं, तरी ब्रोकरला कमिशन द्यायचं का?

विरार लोकलमध्ये ऐकत असाल तर आधी नीट उभं राहायला जागा शोधा, मग हेडफोन लावा. आजचा विषय पैशांचा आहे, आणि रक्कम छोटी नाही.

प्रश्न असा. तुम्ही फ्लॅट विकायला काढला. दोन-तीन ब्रोकरना सांगितलं. चार-पाच महिने पार्ट्या येऊन बघून गेल्या, पण जमलं नाही. मग एके दिवशी सोसायटीतल्याच कोणाचा तरी मेहुणा आला, भाव पटला आणि व्यवहार झाला. मध्ये ब्रोकर कोणीच नाही. आणि रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी फोन येतो, "साहेब, आपले दोन टक्के?"

४० लाखांचा फ्लॅट असेल तर दोन टक्के म्हणजे ८०,००० रुपये. आपल्या वसई-विरारमध्ये बऱ्याच घरांत हे दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढे पैसे आहेत. तर द्यायचे की नाही?

एका ओळीत उत्तर सांगते. तुम्ही ब्रोकरला घर दाखवलंत म्हणून कमिशन लागत नाही. गिऱ्हाईक त्याच्यामुळे आलं असेल तर लागतं, किंवा तुम्ही तसा शब्द दिला असेल तर लागतं. बाकी सगळी चर्चा या दोन गोष्टींभोवती फिरते.

कायदा काय म्हणतो

बरेच जण लगेच म्हणतात, "रेरात बघा ना." तर रेरा कायद्यात ब्रोकरचं कमिशन किती असावं याचा दर नाहीच. एक टक्का, दोन टक्के, भाड्याच्या घराला एक महिन्याचं भाडं, हा सगळा बाजाराचा रिवाज आहे. रिवाज म्हणजे कायदा नाही. तो बोलून कमी-जास्त करता येतो, आणि तो आधी बोलायचा असतो.

रेराचा ब्रोकरशी संबंध आहे तो नोंदणीचा. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातलं घर विकायला मदत करायची तर ब्रोकरने स्वतःची नोंदणी केलेली असली पाहिजे. महारेराच्या वेबसाइटवर नाव टाकून ते तपासता येतं. पण आचोळे रोडवरच्या किंवा अंबाडी रोडवरच्या वीस वर्षं जुन्या सोसायटीतला रिसेलचा फ्लॅट असेल, तर कमिशनचं भांडण शेवटी येऊन थांबतं ते एका जुन्या कायद्यावर. भारतीय करार कायदा, १८७२. हो, दीडशे वर्षं जुना.

त्यातली तीन कलमं लक्षात ठेवा.

पहिलं, कलम २१९. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर एजंटला दिलेलं काम पूर्ण झाल्याशिवाय त्याचा मोबदला देणं लागत नाही. म्हणजे "मी पाच महिने फिरलो" हे खरं असलं, तरी नुसत्या फिरण्याचं कमिशन होत नाही.

दुसरं, कलम २०७. एजंटला दिलेलं काम तुम्ही बोलून काढून घेऊ शकता, किंवा तुमच्या वागण्यातूनही ते रद्द होतं. कायद्याने याचं उदाहरणच दिलंय. 'अ' ने 'ब' ला आपलं घर भाड्याने द्यायचं काम सांगितलं, आणि नंतर 'अ' ने स्वतःच घर भाड्याने दिलं. झालं, 'ब' चं काम रद्द. आपल्या प्रश्नाच्या इतकं जवळचं उदाहरण १८७२ पासून पुस्तकात बसलंय!

पण थांबा, लगेच उड्या मारू नका. कारण तिसरं आहे कलम २०५. काम ठराविक मुदतीसाठी दिलं असेल आणि तुम्ही सबळ कारण नसताना मध्येच काढून घेतलंत, तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. म्हणून "सहा महिने फक्त मीच विकणार" अशा कागदावर सही केली असेल, तर गोष्ट वेगळी होते.

दोन खटले, दोन निकाल

आता जरा गोष्टी ऐका. दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली इंग्लंडमधली. ईस्टबोर्न नावाच्या गावात दोन सिनेमागृहं विकायची होती. मालक कंपन्यांनी मध्यस्थाला सांगितलं, विक्री पूर्ण झाली की १०,००० पाउंड. त्याने गिऱ्हाईक आणलं. गिऱ्हाईक तयार होतं. पण मालकांनी त्याला विकलंच नाही. मध्यस्थ कोर्टात गेला. तिथल्या सर्वोच्च पातळीवर, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये निकाल लागला: काही मिळणार नाही. का? कारण शब्द होता "विक्री पूर्ण झाल्यावर", आणि विक्री झालीच नाही.

दुसरी आपल्याकडची. कलकत्त्यात अमरतल्ला स्ट्रीटवर एक मालमत्ता होती. १९४३ मध्ये मालकाने ब्रोकरला पत्र दिलं. मुदत एक महिना, किंमत एक लाखाच्या खाली नको, गिऱ्हाईक मिळवून दिलंस तर हजार रुपये, आणि भाव वर गेला तर वाढीव मोबदला. ब्रोकरने मुदतीत एक लाख दहा हजारांचं गिऱ्हाईक उभं केलं. मग मालकाने त्याचं काम रद्द केलं, आणि त्याच गिऱ्हाइकांनी पुढे केलेल्या माणसाच्या नावावर एक लाख पाच हजारांना खरेदीखत करून दिलं.

अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसन मित्तर. हा खटला १९५० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेला, म्हणजे न्यायालय सुरू झालं त्याच वर्षी. निकाल ब्रोकरच्या बाजूने लागला, ६,००० रुपयांचा. कारण इथे शब्द होता "गिऱ्हाईक मिळवून दिलंस तर", आणि ते त्याने मिळवून दिलं होतं. नंतर मालकाने कागदावर काय केलं, त्याने ब्रोकरचा हक्क बुडत नाही.

फरक कळला ना? दोन्हीकडे ब्रोकरने गिऱ्हाईक आणलं होतं. एकाला शून्य, दुसऱ्याला पूर्ण मोबदला. कारण ठरलेले शब्द वेगळे होते.

आमच्या घरातली गोष्ट

माझ्या मावशीने नालासोपारा पूर्वेचा वन बीएचके विकला, तेव्हा कागदपत्रांसाठी मी तिच्यासोबत होते. किंमत ठरली ३६ लाख. घेणारा त्याच बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा भाऊ. ब्रोकरचा काही संबंध नव्हता. पण एका ब्रोकरने आधी बऱ्याच पार्ट्या आणल्या होत्या आणि त्याला कुठून तरी बातमी लागली. तो घरी आला. म्हणाला, "ताई, माझं लिस्टिंग होतं. ७२,००० होतात."

मावशी घाबरली. तिला वाटलं, हा माणूस सोसायटीत जाऊन ट्रान्सफर अडवेल. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. शेअर सर्टिफिकेट नावावर करणं हा विकणारा, घेणारा आणि सोसायटी यांच्यातला विषय आहे. ब्रोकरचं कमिशन बाकी आहे म्हणून सोसायटीने ट्रान्सफर थांबवायचं काही कारण नाही. ब्रोकरला खरंच हक्क वाटत असेल तर त्याला दिवाणी कोर्टाचा रस्ता आहे, आणि साधारण तीन वर्षांची मुदत आहे.

आम्ही भांडलो नाही. चहा ठेवला. मी एवढंच विचारलं, "दादा, ही पार्टी तुम्ही आणली होती का? तुमच्या कुठल्या व्हिजिटमध्ये यांचं नाव आहे?" त्याने मोबाइल काढला, व्हॉट्सॲप चाळलं. नव्हतं. "तुमच्यात आणि मावशीत काही लिहून ठरलं होतं का, की कोणालाही विकलं तरी तुम्हाला टक्के?" तेही नव्हतं. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, "ताई, पावसात किती चकरा मारल्या मी."

आणि ते खरं होतं. मावशीने स्वतःहून त्याला १०,००० रुपये दिले. देणं लागत होती म्हणून नाही, त्याने कष्ट केले होते म्हणून. पैसे ऑनलाइन पाठवले आणि त्याच्याकडून मेसेज घेतला: या फ्लॅटच्या व्यवहाराचा माझा कोणताही हिशेब बाकी नाही. तुम्हाला एक रुपया द्यायचा नसेल तर कायद्याने बळजबरी नाही. पण दिलात, तर हा मेसेज नक्की घ्या.

आता उलटी बाजू

हा भाग ऐकून कोणी म्हणेल, "मस्त! म्हणजे ब्रोकरला टाळता येतं." नाही. इथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त गडबड होते.

ब्रोकर रविवारी पार्टी घेऊन येतो. तो खाली बाइक लावेपर्यंत लिफ्टमध्ये नंबरांची देवाणघेवाण होते. संध्याकाळी फोन, "मध्ये ब्रोकर कशाला, दोघांचे मिळून लाख-दीड लाख वाचतील." मग ब्रोकरला सांगायचं की विचार बदलला, घर विकायचं नाही. दोन महिन्यांनी गुपचूप साठेखत. कधी नवऱ्याने घर बघितलं म्हणून कागद बायकोच्या नावावर.

१९४३ सालची कलकत्त्याची गोष्ट आठवा. तेच आहे हे. गिऱ्हाईक ब्रोकरमुळे आलं असेल, तर त्याला बाजूला करून केलेला व्यवहार तुम्हाला वाचवत नाही. आणि कोर्ट बाजूला ठेवा. एखाद्याने विरारच्या मनवेलपाड्यापासून ग्लोबल सिटीपर्यंत पेट्रोल जाळून माणूस तुमच्या दारात आणला, तर त्याचे पैसे बुडवणं हे बुडवणंच आहे.

हे मात्र दोन्ही बाजूंनी लागू. ब्रोकरने तुमच्याशी खोटेपणा केला असेल, म्हणजे घेणाऱ्याकडून जास्त पैसे घेऊन तुम्हाला कमी भाव सांगितला वगैरे, तर कलम २२० सांगतं की गैरवर्तन केलेल्या कामाचा मोबदला मागायचा हक्क त्याला राहत नाही.

विकायला काढण्याआधी काय करायचं

आता कामाचं. मोबाइलवर नोट करून ठेवा.

एक. ब्रोकरला पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहा. साधं मराठीत: "तुम्ही आणलेल्या पार्टीशी रजिस्ट्रेशन झालं तर एक टक्का देईन. मी स्वतः किंवा दुसऱ्या कोणामार्फत विकलं तर कमिशन नाही." त्याच्याकडून "ओके" येऊ द्या. एवढ्या दोन ओळींनी निम्मी भांडणं होतच नाहीत.

दोन. त्याने छापील फॉर्म पुढे केला तर दोन वाक्यं शोधा. "मालकाने स्वतः विकलं तरी कमिशन देय राहील" हे पहिलं. आणि "मुदत संपल्यानंतर अमुक महिन्यांत विकलं तरी" हे दुसरं. दुसरं वाक्य फक्त त्याने दाखवलेल्या पार्ट्यांपुरतं असेल तर ते रास्त आहे. पहिलं पटत नसेल तर खोडा, बाजूला दोघांनी सही करा.

तीन. कोण कोणाकडून आलं याची यादी ठेवा. तारीख, नाव, ब्रोकर. प्रत्येक व्हिजिटनंतर ब्रोकरला मेसेज: "आज अमुक पार्टी तुमच्याकडून येऊन गेली." हे तुमच्यासाठी आहे तसंच त्याच्यासाठीही आहे. एकाच पार्टीवर दोन ब्रोकर हक्क सांगायला लागले, की या यादीची किंमत कळते.

चार. मूळ कागद कधीच देऊ नका. ॲग्रीमेंट, शेअर सर्टिफिकेट, काहीही. झेरॉक्स द्या. कारण करार कायद्याच्या कलम २२१ प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर, एजंट आपला मोबदला मिळेपर्यंत त्याच्याकडे आलेले कागद अडवून ठेवू शकतो. किल्लीचंही तसंच, दिलीत तर कधी परत घ्यायची ते ठरवून द्या.

पाच. स्वतः गिऱ्हाईक मिळालं की सगळ्या ब्रोकरना लगेच कळवा: "घराचा व्यवहार ठरला, कृपया जाहिरात काढा." लपवलंत की संशय येतो, आणि संशयातून फोन येतात.

सहा. कमिशन दिलंत तर पावती घ्या. घर विकून झालेल्या भांडवली नफ्यावर कर मोजताना, विक्रीसाठी दिलेली दलाली खर्च म्हणून वजा होते. रोख देऊन पावती नाही घेतलीत, तर तो खर्च दाखवणार कसा?

एक शेवटचं. आपल्या भागात चांगल्या ब्रोकरचं काम नुसती पार्टी आणण्याचं नाही. नालासोपाऱ्यात ४१ अनधिकृत इमारती हायकोर्टाच्या आदेशाने पाडल्या गेल्या आणि शेकडो कुटुंबं रस्त्यावर आली, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. बांधकाम परवानगी, ओसी, सोसायटीची नोंदणी, बँकेचं लोन बसतं की नाही, हे जो आधीच तपासून सांगतो, तो त्याचे टक्के कमावतो. स्वतः विकायचं असेल तर ते कामही तुम्हालाच करायचंय, हे विसरू नका. आणि तुमच्या कागदावर खरंच सही झालेली असेल, रक्कम मोठी असेल, तर वकिलाला एकदा कागद दाखवा. मी वकील नाही.

घरी कोणी फ्लॅट विकायला काढला असेल तर हा भाग त्यांना पाठवा, रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी नाही, ब्रोकरला पहिला फोन करायच्या आधी. भेटू पुढच्या भागात. सांभाळून उतरा!