किल्ला मी पाहिला, गाव हिने पाहिलं

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेतला माणूस असल्यामुळे ओव्हरड्राफ्ट काढणार नाही.

मुलगी नोकरीनिमित्त पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला होती, तेव्हा आम्ही उभयता महिनाभर तिच्याकडे राहिलो. एके दिवशी ती ऑफिसला गेल्यावर आम्ही दोघंच डोंगरावरचा साओ जॉर्ज किल्ला पाहायला निघालो. 28 नंबरची पिवळी ट्राम घेतली. मुंबईची ट्राम 1964 साली बंद झाली, ती लहानपणी पाहिलेल्यांना इथे गहिवरूनच येईल. जुन्या वस्तीत ती भिंतींना इतकी खेटून जाते की हात बाहेर काढायची सोय नाही.

सांता लुझियाला उतरलो. बोगनवेलीचा मांडव, खाली लाल कौलं आणि पलीकडे समुद्रासारखी रुंद टेगस नदी. ही बाकावर बसली आणि म्हणाली, "माझे गुडघे इथवरच. तुम्ही जाऊन या." मी म्हटलं, अर्ध्या तासात आलोच. तिची पर्स आणि मोबाईल माझ्याच खांद्यावरच्या पिशवीत राहिले.

तिकिटात ज्येष्ठांना सवलत आहे, ती मागून घेतली. किल्ला मूळचा मूर लोकांचा. 1147 साली पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिकेस याने तो जिंकला. अकरा बुरूज आहेत, बाकी आत फारसं काही नाही. मोर मात्र मोकळे हिंडतात. राजवाड्याच्या अपेक्षेने जाल तर निराश व्हाल. तटावरून दिसतं ते मात्र डोळे भरून पाहण्यासारखं. एका बाजूला पट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपानंतर हा भाग नव्याने बांधला. दुसऱ्या बाजूला अल्फामा, त्या भूकंपातून बऱ्याच अंशी वाचलेली वस्ती. गुंता झालेल्या लोकरीसारख्या गल्ल्या. चिमाजीअप्पांनी 1739 साली ज्यांच्याकडून वसई घेतली, त्यांची ही राजधानी! तोफेवर हात ठेवून मी वसईतच रमलो, आणि घड्याळ पाहतो तो दीड तास झालेला.

खाली आलो तर बाक रिकामा.

खोटं कशाला सांगू, पाय लटपटले. फोन माझ्याजवळ, भाषा येत नाही, मुलीला काय तोंड दाखवू? अल्फामाच्या पायऱ्या उतरत सुटलो. गल्लीत शिरावं तर ती कोणाच्या तरी दाराशी संपायची. खिडक्यांतून कपडे वाळत घातलेले, अगदी आपल्या चाळीसारखे. दोनदा त्याच नळाशी परत आलो. तिसऱ्यांदा हाक ऐकू आली, "अहो, इकडे!"

हिच्याच वयाची एक बाई दारात जिंझिन्या, म्हणजे चेरीची दारू, छोट्या पेल्यांतून विकत होती, आणि शेजारी खुर्चीत आमची मंडळी! हिला बाथरूमला जायचं होतं. त्या बाईने खुणेने ओळखलं आणि घरात नेलं. मग गप्पा. भाषा नाही, पण ती बटाटा दाखवून 'बटाटा' म्हणाली, पावाला 'पांव', चावीला 'शाव'. हिला वाटलं, बाईला मराठी येतं! (पगार आणि लिलाव हे शब्दही त्यांच्याकडूनच आले, असं मुलीने रात्री सांगितलं. बँकेत मी पहिला दर महिन्याला घेतला आणि दुसऱ्याच्या नोटिसा काढल्या.)

त्या चावीवरून एक गोष्ट हिला कळली होती. समोरच्या दारांना आकड्यांच्या छोट्या पेट्या होत्या, प्रवाशांसाठी चाव्या ठेवलेल्या. शेजारी निघून गेले, आता बॅगवाले येतात. बाईने चार बोटं दाखवली. गल्लीत जुनी घरं तेवढीच उरली होती. आपल्या बी विंगमध्ये रात्री किती खिडक्यांत दिवा लागतो, ते हल्ली मीही मोजतो.

निघताना बाईने पैसे घेतले नाहीत. हिने पर्समधलं हळदीकुंकवाचं डबीचं पाकीट तिला दिलं.

रात्री मुलगी म्हणाली, "बाबा, खालच्या बाजारपेठेतून किल्ल्याकडे बराच चढ वाचवणारी फुकट लिफ्ट आहे की!" त्यानंतर जेवण होईपर्यंत ही माझ्याशी बोलली नाही. मोबाईल मात्र तेव्हापासून तिच्याच पर्समध्ये असतो.