साळीचे पाच दाणे
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी 'मौखिक कथापरंपरा आणि समाज' या विषयावर आपणांशी हितगुज करण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे.

श्रवणाशी असलेले आपले नाते आपल्या नावातच आहे. गृहस्थाला आपण श्रावक म्हणतो; श्रावक म्हणजे ऐकणारा. शास्त्राला श्रुत म्हणतो. श्रुत म्हणजे ऐकलेले. भगवान महावीरांनी अर्धमागधी या लोकभाषेत केलेला उपदेश शतकानुशतके गुरुमुखातून शिष्याच्या कानी पोहोचत राहिला. पुढे स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली, तेव्हा तो लिहून ठेवण्याची निकड भासली. दिगंबर परंपरेनुसार गिरनार येथे आचार्य धरसेनांनी पुष्पदंत व भूतबली यांना ज्ञान दिले आणि त्यातून षट्खंडागम सिद्ध झाला. श्रुतपंचमी हा त्याचाच उत्सव. श्वेतांबर परंपरेनुसार इसवी सनाच्या पाचव्या शतकात वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले. ऐकलेले हरवू नये, ही चिंता दोन्हीकडे एकच होती.

मग ग्रंथ सिद्ध झाल्यावर सांगण्याची गरज संपली काय? स्वाध्यायाचे जे पाच प्रकार शास्त्राने सांगितले आहेत, त्यांचा आरंभ वाचनेपासून होतो आणि शेवट धर्मोपदेशाने, म्हणजेच धर्मकथेने होतो. वाचलेले दुसऱ्याला सांगणे हाही स्वाध्यायच, असा याचा सरळ अर्थ आहे.

ज्ञाताधर्मकथा या अंगग्रंथातील एक कथा आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. राजगृहातील धन्य सार्थवाहाने आपल्या चार सुनांना साळीचे पाच-पाच दाणे दिले आणि 'मागेन तेव्हा परत द्या' असे सांगितले. पाचव्या वर्षी त्याने ते मागितले. कोठारात साळी पुष्कळ आहे, असा विचार करून उज्झिकेने दाणे टाकून दिले होते. भोगवतीने ते सोलून खाल्ले होते. रक्षिकेने वस्त्रात बांधून रत्नांच्या पेटीत जपले होते. तिने तेच पाच दाणे पुढे ठेवले. रोहिणीने मात्र ते माहेरी पेरायला दिले होते. ती म्हणाली, दाणे आणायला गाड्या पाठवाव्या लागतील! धन्याने रक्षिकेकडे भांडार सोपवले आणि रोहिणीला घराची कारभारीण केले.

आगमात हे पाच दाणे म्हणजे पंचमहाव्रते होत. मला मात्र या कथेत साऱ्या कथापरंपरेचेच मर्म दिसते. कारंजा, पाटण, जैसलमेर, मूडबिद्री येथील ग्रंथभांडारांनी रक्षिकेचे काम केले. त्यांच्यावाचून पेरायला बीजच उरले नसते. परंतु पीक आले ते सांगणाऱ्यांमुळे. पंधराव्या शतकात गुणदासांनी श्रेणिक राजाचे चरित्र मराठी ओवीत आणले. सुगंधदशमीची कथा तर अपभ्रंश, संस्कृत, गुजराती, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांतून उपलब्ध आहे, डॉ. हिरालाल जैन यांनी १९६६ मध्ये ती पाचही रूपे एकत्र प्रकाशित केली. त्यांतील मराठी कथा जिनसागरांची. मुनींना कडू आहार देणाऱ्या राणीला पुढील जन्मांत दुर्गंध भोगावा लागतो आणि व्रताने त्यातून सुटका होते, एवढे ऐकले की कर्मसिद्धांतासारखा गहन विषय लहान मुलीलाही उमगतो. भाद्रपद शुद्ध दशमीला ही कथा लेकी-सुनांना सांगणाऱ्या कित्येक स्त्रियांना अक्षरओळखही नव्हती. त्या आपल्या समाजाच्या रोहिणीच होत्या.

कथेने समाजही बांधला. कथेच्या सतरंजीवर पेढीचा मालक आणि त्याचा नोकर शेजारी बसत. मूल मध्येच प्रश्न विचारी आणि सांगणारी आजी त्याच्या वयाचे उत्तर देई. ही सोय ग्रंथात नाही.

आज घराघरांत बोलणे कमी झालेले नाही. परंतु शास्त्राने ज्यांना विकथा म्हटले, त्या स्त्रीकथा, भोजनकथा, देशकथा आणि राजकथा मोबाइलवर दिवसभर चालतात. धर्मकथेला मात्र वेळ उरत नाही. मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूर जातात. आजी-नातवंडांची भेट सुट्टीपुरती होते. ग्रंथ कपाटात शंभर वर्षे वाट पाहू शकतो. मुखातली कथा एकही पिढी वाट पाहत नाही. ज्या पिढीने ऐकलेच नाही, ती पुढच्या पिढीला काय सांगणार?

म्हणून माझी नम्र सूचना आहे. पाठशाळेत महिन्यातून एक रविवार कथेसाठी राखावा. त्या दिवशी एखाद्या ज्येष्ठाने हातात पुस्तक न घेता कथा सांगावी आणि पुढच्या वेळी एखाद्या मुलाने तीच कथा स्वतःच्या शब्दांत सांगावी. ज्येष्ठांच्या कथा ध्वनिमुद्रित अवश्य कराव्यात. पण ती रक्षिकेची पेटी आहे, हे विसरू नये.

संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याची स्मरणिका आज आपल्या हाती येत आहे. ती जपून ठेवाच. परंतु ही संस्था कोणी, कशी उभी केली, हे आज घरी गेल्यावर मुलांना आपल्या तोंडून सांगा. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!