लांब गाण्याचा धसका



गाणं कसं चार मिनिटांत आटपावं, असं मानणारा कुणीतरी घरोघरी असतो.
लांबलचक गाण्यांच्या प्रोग्रेसिव्ह रॉकचं नाव काढलं, की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात.

त्याची शंका अगदीच खोटी नाही.
1972 साली 'येस' या इंग्लिश बँडचा 'क्लोज टू द एज' हा अल्बम आला.
तबकडीची पहिली बाजू म्हणजे एकच गाणं!

त्याच वर्षी 'जेथ्रो टल' या बँडनं तर कडी केली.
'थिक ॲज अ ब्रिक'मध्ये दोन्ही बाजू मिळून एकच गाणं.
गंमत अशी, की ती अशाच भारदस्त अल्बमांची थट्टा होती.
वेष्टणही चक्क वर्तमानपत्राचं.
शंकेखोरानं इथूनच सुरुवात करावी.
आणि बाजू पूर्ण ऐकावी.

लांब रचनांचा शौक म्हैसूरच्या राजवाड्यात त्याआधीच होता.
महाराजा जयचामराज वाडियार स्वतः कर्नाटक संगीतातले रचनाकार.
पण पाश्चात्त्य पियानोवरही त्यांचा भारी जीव.

निकोलाय मेटनर हा रशियन संगीतकार तेव्हा लंडनमध्ये राहत होता.
त्याचं संगीत गुंतागुंतीचं, काळाच्या फॅशनबाहेरचं.
महाराजांनी पैसा पुरवला.
1940च्या दशकाच्या अखेरीस मेटनरनं आपल्या रचना स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केल्या.

तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-पाच मिनिटं मावत.
कन्चेर्टोसारख्या एका लांब रचनेसाठी तबकड्यांची चवडच लागे.
दर चार-पाच मिनिटांनी उठायचं, बाजू पालटायची, पुन्हा बसायचं.

मेटनरनं आपला तिसरा पियानो कन्चेर्टो महाराजांना अर्पण केला.
तोही मध्येच न थांबवता, पूर्ण ऐकावा.